हवी तेवढी सुट्टी

कळमेश्वर,
४ डिसेंबर २०२४

चि. मयुरास आजीचे अनेक आशीर्वाद.

लिहून राहिली शेजारची सिंधूताई, बोलणारी मी. फोनवर तुझं अर्धंच ऐकू येते, आणि त्या अर्ध्यात मीटिंगच असते. म्हणून कागद बरा.

डॉक्टर म्हणतात, उजवा मोतीबिंदू पिकला, आता थांबू नका. परवा चहात साखर म्हणून मीठ टाकलं. सिंधूताईनं मुकाट्यानं पिऊन घेतला. (पिऊन झाल्यावर ओकले, ते कौशल्याबाई सांगत नाहीत. – सिंधू)

ऑपरेशन रामदासपेठेतल्या दवाखान्यात होते, एका दिवसात सोडतात. माझं एकच म्हणणं आहे, सोबत तू पाहिजे. तिथं कागदावर कागद पुढे करतात आणि अंगठा लावा म्हणतात. तुझा बाप होता तोवर तो वाचून सांगे. आता तू सांगशील तिथंच मी अंगठा लावीन. सिंधूताईचा अंकित गाडी आणतो म्हणते, पण तो न वाचता सही करणाऱ्यातला.

तुझ्या कंपनीत हवी तेवढी सुट्टी मिळते, असं तूच सांगितलं होतं. मग दिवाळीले जेवल्याबरोबर परत काहून पळाली वं?

वेळेवर जेवत जा. माझी माया आहेच, तिले पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी


वाडी,
८ डिसेंबर

ती. आजीस मयुराचा सा. न. वि. वि.

सुट्टीचं ऐक. पूर्वी आम्हाला ठरलेल्या सुट्ट्या होत्या. उरल्या तर वाया जायच्या, म्हणून भांडून घ्यायचो. आता हवी तेवढी आहे, त्यामुळे आपली किती उरली हे कुणालाच सांगता येत नाही. मागायला गेलं की आमचे रविंद्र सर खूप आपुलकीने विचारतात, घरी सगळं ठीक ना? मग कंपनीचे कुठले मालाचे ट्रक कुठे अडकलेत ते दाखवतात आणि म्हणतात, तूच ठरव. मी ठरवते आणि परत येऊन खुर्चीत बसते.

माणसं वाईट नाहीत गं. आमच्यासाठी झोपेची खोली केली आहे, गादी, निळे पडदे, सगळं. आत कुणी गेलं की दारावर हिरवा दिवा लागतो आणि तो सरांच्या टेबलावरून दिसतो. गादीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. थकवा जावा म्हणून पहाटे योगासनं असतात. संध्याकाळी मोबाईलवर चेहरे येतात, आज कसं वाटतंय ते दाबायचं. एकदा रडका दाबला, तर ऑफिस सुटल्यावर थांबून आनंदी राहण्यावर व्याख्यान ऐकावं लागलं. तेव्हापासून मी हसराच दाबते.

तुझ्यासाठी सुट्टी मागितली. सर म्हणाले, वर्षअखेर आहे, पुढे बघू. वीस तारखेला ऑफिसात घरच्या वडीलधाऱ्यांचा कार्यक्रम आहे, त्याचं कार्ड सोबत पाठवते. ये, निदान भेट होईल. ऑपरेशनचं मी काहीतरी करते. काय ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

रागावलीस तरी मायेतच राग धर.

तुझी मयुरा


कळमेश्वर,
१३ डिसेंबर

चि. मयुरास आशीर्वाद.

तुझी कंपनी म्हणजे घे-घे म्हणत कढईवर झाकण ठेवणारी बाई दिसते, असं मी म्हणणारच होती. पण मग सिंधूताईनं कार्ड वाचलं. सोनेरी अक्षरात लिहिलं आहे, एक दिवस आजी-आजोबांसाठी. मी दोनदा वाचून घेतलं. म्हणजे तो दिवस तुले माझ्यासाठी मोकळा. मालक समजदार आहे, तू उगाच नावं ठेवते.

अंकितले धाडून दवाखान्यात त्याच दिवसाचा नंबर लावला. चादर, लुगडं, कागदाची थैली, सगळं गाठोड्यात बांधलं. तुले फोन करू नको म्हणून त्याले सांगितलं आहे, तुझं काम थांबते. तू आता काहीच करू नको, कंपनीनंच केलं.

देवाजवळ तुझ्या मालकाचं नाव घेतलं. तुझं तर रोजच घेते.

आजी


वाडी,
२३ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं तेराचं पत्र आज मिळालं. वेळेवर मिळालं असतं तर मी तुला थांबवलं असतं. पोस्टाचे उपकार.

ऑफिसात अजून वीस तारखेचाच विषय चालू आहे. बाकीच्यांचे आजी-आजोबा फोटो काढत होते आणि तू गाठोड्यासकट त्या मऊ पिशवीच्या खुर्चीत बुडालेली. सर उठवायला आले, तर म्हणालीस, आधी दिवस द्या, मग उठते. त्यांना वाटलं भेटवस्तू हवी, त्यांनी तुळशीची कुंडी दिली. ती मांडीवर घेऊन तू सगळ्यांसमोर विचारलंस, कार्डावरचा आजीचा दिवस कोणाकडे आहे, दवाखान्यात नंबर लागला आहे. आधी सगळे हसले. मग माझ्या शेजारी बसणाऱ्या गार्गीच्या आजोबांनी काठी आपटून विचारलं, आमचा कुठे आहे? तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सर कार्ड उलटसुलट करून पाहत राहिले आणि मला म्हणाले, जा. तूच ठरव म्हणाले नाहीत, हे पहिल्यांदाच.

लाज एकाच गोष्टीची वाटते. दवाखान्यात कागद सगळे वाचून मगच तुझा अंगठा घेतला, पण तुला आत नेल्यावर मी बाकावर टेकले ती नर्सने हलवल्यावरच उठले. तिने विचारलं, पेशंट नेमकं कोण?

आता कंपनीने आजी रजा म्हणून नवी योजना काढली आहे. दिवस अर्जात लिहायचा आहे, म्हणून यावेळी थोडी आशा आहे.

पट्टी काढल्यावर तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि बोलली काहीच नाहीस. नीट दिसतं ना? कळव.

तुझ्या आशीर्वादावरच चाललं आहे, ते चालू दे.

मयुरा


कळमेश्वर,
२७ डिसेंबर

चि. मयुरास अनेक आशीर्वाद.

दिसते वं, लख्ख दिसते. छतावरची पाल दिसते, सिंधूताईच्या ओट्यावरचा कचरा दिसते. (ओटा स्वच्छ आहे. – सिंधू)

बोलली नाही, त्याचं कारण सांगते. लय दिवसांपासून तुझ्या डोळ्याखाली मले काळं दिसे. वाटे, माझा मोतीबिंदू आहे, पोरीले काही नाही. पट्टी निघाली, नर्सबाईच्या कानातली फुलं दिसली, खिडकीबाहेरचं झाड दिसलं, आणि तुझ्या डोळ्याखाली काळं तसंच. ते माझ्या डोळ्यातलं नव्हतं.

बाकावर झोपली, त्याची लाज धरू नको. नर्सबाई सांगे, तोंड उघडं टाकून झोपली होती. लहानपणी तशीच झोपे तू.

डाव्या डोळ्याची, डॉक्टर म्हणतात, काही घाई नाही. मी म्हटलं, आहे. जानेवारीतला नंबर लावला, आणि दिवसभर बसून राहावं लागेल असाच मागून घेतला. तू आजी रजेचा अर्ज दे.

या खेपेस गाठोड्यात उशी पण बांधली. दवाखान्यात पेशंटले मिळते, बाकावरच्याले कोणी देत नाही.

तुझ्या वाट्याची माया इथं झाकून ठेवली आहे, येऊन घेऊन जा.

तुझी आजी