अठ्ठ्यांची जोडी आणि बँडमास्तरांची बटणं

चि. भाच्यास, मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? सूनबाईंचा खोकला थांबला का, की औषधाने अजून फक्त डॉक्टरांनाच गुण येतोय? मोठीच्या चष्म्याचा नंबर वाढला नाही ना? धाकटीचा हलणारा दात पडला का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. त्यातही तुझी मामी जरा जास्तच, आणि त्यासाठीच हे पत्र.

तू सुट्टीत येऊन पोकर शिकवून गेलास, तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन आम्ही कापडं बेतायच्या टेबलावर डाव मांडतो. मी, मामी आणि शेजारचे सलूनवाले. पैशांऐवजी बटणं (शिंप्याच्या घरात दुसरं निघणार काय!). मामीला नियम मीच समजावले. दोन पत्ते आपल्या हातात झाकलेले, पाच टेबलावर सगळ्यांचे, आणि हातात जोडी आली की जीव गेला तरी सोडायची नाही. (हा शेवटचा नियम तू शिकवला नव्हतास, तो माझा.) शिवाय डाव चालू असताना तिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हेही बजावलं.

गेल्या खेपेला मला अठ्ठ्यांची जोडी आली. टेबलावर तीन पानं उघडली: राजा, दश्शी, तिर्री. सलूनवाल्यांनी पुढ्यातली सगळी बटणं सरकवली. मामीने आपले पत्ते एकदा पाहिले आणि कापडावरचा दोरा झटकावा तसे टाकून दिले. डाव संपल्यावर पाहतो तर नव्व्यांची जोडी! नव्व्या, अरे! पण मी बरा माझ्या अठ्ठ्या सोडतोय? माझी बटणं संपली होती, म्हणून वाटीतली सहा पितळी लावली. ती बँडमास्तरांची. चाळीस वर्षं त्यांच्या छातीवर चमकलेली. महिनाअखेरच्या शनिवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम, त्यासाठी शिवलेल्या नव्या कोटावर तीच हवीत म्हणून त्यांनी स्वतः आणून दिलेली. पुढची दोन्ही पानं फुसकी निघाली आणि सलूनवाल्यांच्या हातात होता राजा, म्हणजे त्यांची राजांची जोडी; सहाही पितळी त्यांच्या खिशात.

जेवतानाही तो डाव डोक्यातून जाईना. शेवटी मामीला विचारलं, बाई, हे शहाणपण कुठलं? म्हणाली, "सलूनवाले जन्मभर माणूस आरशातच बघत आलेत. आपल्या दोघांच्या पाठीशी ट्रायलचा आरसा. तुमच्या अठ्ठ्या, माझ्या नव्व्या, दोन्ही बघून माणूस सगळं लावतो, म्हणजे त्याच्याकडे मोठंच असणार."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अवाक्षर काढायचं नाही म्हणाला होतात."

(सलूनवाल्यांना लबाड म्हणवत नाही. नजर आरशाकडेच जाते बिचाऱ्यांची, सवयीने.)

काल पुन्हा डाव मांडला. सुरू होण्याआधी मामीने बँडमास्तरांचा बिनबटणाचा कोट आरशावर अडकवला, इस्त्री मोडू नये म्हणून, असं म्हणत. झालं! सलूनवाल्यांना दश्श्यांची जोडी आली, पण मामीने पुढ्यातली सगळी बटणं सरकवली आणि त्यांना घाम फुटला. कोटाकडे बघत, मिशी चाचपत, त्यांनी ती टाकून दिली. मामीकडे होती नुसती दुर्री आणि सत्ती! चहाच्या वेळेपर्यंत सहाही बटणं तिच्या मुठीत. तीस वर्षं या बाईला मी काजं करायला बसवलं, या विचाराने माझी मलाच लाज वाटली.

तुझा,
मामा

ता. क. बटणं अजून कोटावर नाहीत, मामीच्या सुयांच्या डबीत आहेत. तिची अट आहे की ज्याने खेळ शिकवला त्याला मी लेखी कळवावं: जोडी कधी सोडायची ते तिला कळतं, मला कळत नाही. वर सगळं कळवलं आहेच. पण तुझी पोच आल्याशिवाय ती सुईत दोरा ओवणार नाही म्हणते.

आणखी ता. क. तरी पण चौथं पान अठ्ठी आलं असतं तर? (ती आत गेलीय म्हणून लिहितोय. उत्तरात याचा उल्लेख नको.) पत्र पोचताच दोन ओळी खरड, बाबा. बँडमास्तरांनी एका हाताने कोट धरून ठेवला, तर बँडला खुणा कुठल्या हाताने करायच्या?