उभ्याने खाल्लेलं

ता. ६ डिसेंबर १९३४, गुरुवार
दोनच्या सुमारास पोस्टमन समोरून गेला. थांबला नाही. लेकीचं, कुसुमचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले. नंतर कोठीच्या खोलीत गेले ती तांदूळ काढायला. आंबापोळीचा तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा. अख्खी गुंडाळी संपली. जेवून तास झाला नव्हता, भूक कसली. तांदूळ काढायचे राहिलेच.
विहीणबाईंचा निरोप तोच. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असली तरी आम्ही संगमेश्वरलाच करू, सुईण चांगली आहे. माझी ताई पहिल्या बाळंतपणात सासरीच दगावली. तिथेही सुईण चांगली होती.

ता. ९, रविवार
कुसुमसाठी डिंकाचे लाडू केले. साठ झाले. आक्का वळायला बसल्या. नणंद असल्या तरी या घरात माझं एवढंच माणूस. सतराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून एकवेळ जेवतात, पण हात कसा भराभर चालतो. यांच्या शाळेतले एक मास्तर वीस तारखेला संगमेश्वरला जाणार, त्यांच्याबरोबर डबा द्यायचा.

ता. १३, गुरुवार
चोळीच्या शिवणी उसवून घेतल्या. हे म्हणाले, "तब्येत सुधारली तुझी."
डब्यातले दोन लाडू खाल्ले. काल तीन.

ता. १५, शनिवार
विहीणबाईंचं कार्ड. शेवटच्या ओळीत, कुसुमच्या पायांवर थोडी सूज आहे, काळजी नसावी. कार्ड हातात धरूनच कोठीत गेले. पाच खाल्ले. उभ्याने, एकामागून एक. चवसुद्धा कळली नाही. लेकीच्या तोंडचं आपण...

ता. १९, बुधवार
आक्कांनी डबा बांधायला घेतला. बावीस राहिले होते. मी दारात उभी. त्यांनी मोजले, झाकण लावलं.
"उंदीर म्हणायचं का आपण?"
मी खाली बसले. म्हटलं, "आक्का, मी खाल्ले."
"ठाऊक आहे गो. हे गेले त्या वर्षी मी नैवेद्याचा गूळ चोरून खात असे. ढेपच्या ढेप. सासूबाईंनी धरलं एकदा. पोटाला नको असायचा तो."
"मग सुटलं कसं?"
"सुटलं कुठे. खायचं तर पाट मांडून, ताटात घेऊन खायचं असं ठरवलं. पाटावर बसलं की निम्म्या वेळा रडू यायचं. मग खाणं राहायचं."
बावीसच पाठवले.

ता. २१, शुक्रवार
पोस्टमन गेला. उठले, कोठीत गेले, परत आले. पाट मांडला. वाटीत पोहे घेतले. बसले. अर्धे खाल्ले, अर्धे तसेच. आक्का शेजारी वाती वळत होत्या.
पत्राची वेळ टळली की हात डब्याकडे जातो. आज पहिल्यांदा नीट कळलं.

ता. २४, सोमवार
जमलं नाही. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी चार, वर गूळ-खोबरं. उभ्याने. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

ता. २७, गुरुवार
यांना सांगितलं, "मी संगमेश्वरला जाऊन येते."
"बोलावणं नसताना?"
"पायांना सूज आहे तिच्या. ताईलाही आली होती."
हे कितीतरी वेळ शाईचा टाक पुसत बसले. मग म्हणाले, "शनिवारी सकाळची मोटर मिळेल."

ता. २९, शनिवार
जाऊन आले. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी अन्न घ्यायचं नाही, म्हणून पाण्यालाही नको म्हटलं. कुसुमच्या पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. चेहराही सुजलाय. म्हणाली, "आई, डोकं फार दुखतं." तिच्या सासूबाई आत आल्या तशी गप्प झाली.
विहीणबाईंना म्हटलं, "आमच्याकडे रत्नागिरीला डॉक्टरीणबाई आहेत. एकदा दाखवते. मग बाळंतपण तुम्ही म्हणाल तिथे."
"आमच्यावर भरवसा नाही?"
"माझी बहीण गेली हो अशीच."
मग त्या म्हणाल्या, "मुलाला विचारते. चार दिवसांत कळवू." पहिल्यांदाच 'नाही' म्हणाल्या नाहीत.
परतताना वाटेत हातखंब्याला मोटर थांबली तेव्हा पोटात आग पडली होती. किती दिवसांनी खरी भूक लागली. विसरलेच होते कशी असते ती.

ता. ३१, सोमवार
जबाब नाही. दुपारी कोठीत दोनदा गेले. एकदा रिकाम्या हाताने परत आले, एकदा नाही.
मधली खोली बाळंतिणीसाठी रिकामी केली. हे म्हणाले, "आधी जबाब तर येऊ दे." आक्कांनी तोवर शेण कालवलं होतं. दोघींनी मिळून सारवली. वाऱ्याला दार उघडं ठेवलंय. अजून ओली आहे.