सही जुळत नाही

१२ जून १९९४, रविवार

आले एकदाची. इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या पुढे माळावर, माजी सैनिकांची ही वसाहत. चौदा घरं, एक झेंड्याचा खांब आणि आजपासून मी, वसाहतीच्या संस्थेची नवी लेखनिक. पुण्याचा छापखाना बंद पडल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला नोकरी मिळते ती अशीच, एसटीच्या शेवटच्या थांब्याच्या पलीकडे. माझं भांडवल म्हणजे हाताचं वळण. छापखान्यात तिन्ही भागीदारांच्या सह्या मी त्यांच्यापेक्षा झोकात करायचे. त्यातले एक तर स्वतःची सही विसरले की माझ्या टेबलाशी बघायला येत.

अध्यक्ष सुभेदार मानसिंगराव थांब्यावर स्वतः न्यायला आले होते. ट्रंकेला मला हात लावू दिला नाही. म्हणाले, बाई, हितं शिस्त हाय, चोरी न्हाय, आन् पानी असं गोड की पुन्याचं इसराल. प्यायले. खरंच गोड आहे. म्हटलं, साखर कारखाने जवळ, मुरली असेल जमिनीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. लष्करात विनोदाला परवानगी घ्यावी लागत असावी.

१९ जून, रविवार

रविवारी पिंपांची परेड असते. नळाला पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक दारात एक हिरवं लोखंडी पिंप, अंगावर पांढरे आकडे. सहा वर्षांपूर्वी सुभेदारांनी लष्कराच्या एका डेपोच्या लिलावातून ट्रकभर आणली आणि घरोघर वाटली. निवृत्त मंडळी ती फडक्यानं पुसतात, आकड्यांवर रंगाचा हात फिरवतात. इतकी निगा इथल्या बायकांच्या वाट्याला आलेली दिसत नाही. माझ्याही खोलीपुढे एक आहे, अकरा नंबरचं.

दुपारी बायका मिश्री लावत ओसरीवर बसल्या होत्या. जवळजवळ सगळ्यांच्या हिरड्यांवर, दातांच्या कडेनं, निळसर काळी रेघ. हवालदाराची विधवा कुशाबाई, तिनं तंबाखूची ती जाळलेली पूड चिमूटभर पुढं केली. मी नको म्हटलं. तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, पुन्याचं दात हायती, टीवीवर दाखवायला लागत्याल.

१५ ऑगस्ट, सोमवार

झेंडावंदन. सुभेदारांनी हुकूम दिला, बारा हात कपाळाकडे गेले. आणि नऊ पंजे मनगटापासून खाली लोंबले. छाती ताठ, कोपर ताठ, आणि पुढे पंजा असा की दोरीवर वाळत घातलेला मोजा. कोणी हसलं नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत ते हात तसेच.

रोजनिशीसाठी एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं. लिहवत नाही.

सुभेदार नंतर म्हणाले, वय झालं, बाई, दुसरं काय. त्या नऊ जणांतला सगळ्यात लहान बेचाळीस वर्षांचा आहे.

४ सप्टेंबर, रविवार

सुभेदारांची सून कौसल्या वाटीभर खरवस घेऊन आली आणि बसूनच राहिली. नवरा विजयसिंह सीमेवर. हिला तिसरा महिना लागलाय. आधीची दोन गेली, दोन्ही सातव्यात.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी हिच्या हिरड्या पाहिल्या आणि मिश्री सोड म्हणाल्या. हिनं सांगितलं, मी जल्मात लावली न्हाय. मग बाईंनी पाणी कशात भरता ते विचारलं. पिंपाचं पाणी आजपासून बंद कर म्हणाल्या. पण अंगात जे मुरलंय ते पोटातल्याला पोचत राहणार. ते काय आहे हे डेपोकडून लेखी आण, म्हणजे औषध ठरवता येईल, आणि ते सातव्याच्या आत. कौसल्याला दुसरं काही नको. एक ओळ हवी, पिंपात आधी काय होतं त्याची. म्हणाली, ताई, तुमचं अक्षर बघून तरी ते वाचत्याल.

ती माहेरून दोन रांजण आणणार आहे. सासऱ्यांनी पिंप हलवायला साफ नकार दिला. पलटनीचा माल हाय, पलटन आपल्या मान्साला इख दील व्हय?

२ ऑक्टोबर, रविवार

डेपोला अर्ज गेला. कुणाची पोटदुखी, कुणाचा लुळा पंजा, कुणाचं पोर चार वर्षांचं होऊन बोलत नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालावं तशा. 'बाधित कुटुंबे' हा शब्द मला आवडला. आपण सोडून बाकीच्यांना लावता येतो.

लिहिता लिहिता चार कप चहा झाला. अकरा नंबर बदलायला हवं खरं, पण चार दिवसांचं पाणी दोन घागरींत मावत नाही. आणि मी तर कालची आलेली. चहाला हल्ली साखर कमी लागते.

२१ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. 'अर्जदारांच्या सह्या अभिलेखातील नमुन्यांशी जुळत नाहीत. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

हाताला काय झालं म्हणून विचारलं, तर आधी त्याच हातानं नीट सही करा म्हणे. हा विनोद मी केला असता तर अतिशयोक्ती ठरला असता.

पोट दिसायला लागलंय कौसल्याचं.

४ डिसेंबर, रविवार

सकाळी वेणी घालताना आकडा दातांत धरला. आरशात हिरडीवर रेघ.

निळी. मिठानं घासली, राखेनं घासली, नखानं खरवडली. जात नाही. वरून नाही ती, आतून आहे.

मी मिश्री लावत नाही.

११ डिसेंबर, रविवार

अकरा नंबर आडवं पाडलं. आज परेड झाली नाही.

सुभेदारांनी आपल्या ट्रंकेच्या तळातून लिलावाचा कागद काढून दिला. इंग्रजी. मी वाचला आणि मराठीत सांगितला: या पिंपांत पाणी किंवा धान्य साठवू नये, हे जाणून मी ती घेत आहे. आत काय होतं त्याचा फक्त सांकेतिक क्रमांक. खाली त्यांची सही. काय सही आहे. 'मानसिंग', आणि ग-ची शेपटी तलवारीसारखी उजवीकडे फेकलेली.

म्हणाले, सायेब म्होरं हुतं. त्यांनी बोट ठिवलं, तितं म्या सही केली. पलटनीत कागूद वाचत बसला तर सायबावर इस्वास न्हाय असं हुतं.

मग उठले, आपल्या दारातल्या पिंपातून पेला भरला आणि माझ्यासमोर सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मला अडवता आलं नाही.

लिलावाच्या कागदाची प्रत डेपोला पाठवली.

२६ डिसेंबर, सोमवार

ही सही जुळते, असं कळवलंय.

सही जुळते, सबब जबाबदारी खरेदीदाराची. पिंपांतील मूळ द्रव्याची माहिती हवी असल्यास खरेदीदाराने त्याच सहीनिशी अर्ज करावा.

त्याच.

२९ डिसेंबर

सुभेदार सही गिरवतात. सकाळी, दुपारी. कौसल्या त्यांचं लुळं मनगट धरून बसते. पानांवर नुसती गांडुळं. अंगठा चालत नाही. सही येणाऱ्याचा अंगठा घेत नाहीत.

आज ती म्हणाली, आबा, ऱ्हाऊ द्या. त्यांनी ऐकलं नाही.

५ जानेवारी १९९५

सातवा लागला.

डेपोचा कारकून सोमवारी कामासाठी बारामतीत येतोय. तीनपर्यंत अर्ज हातात दिला तर जागेवर सांगतो म्हणाला. सही जुळली तर.

मी म्हटलं, मी करते. तुमची सही. कुणाला कळणार नाही.

सुभेदारांनी गिरवलेलं पान उलटं ठेवलं. म्हणाले, खोटी सही आमी कदी केली न्हाय. मग म्हणाले, खरीनं तरी काय झालं.

सकाळी तांब्या हातातून पडला. पाणी गार होतं म्हणून असेल.

८ जानेवारी, रविवार

गार नव्हतं. कप पडला, मग फणी.

उजवा पंजा वर उचलत नाही. टेबलावर ठेवला की पडून राहतो. दुसऱ्या कुणाचा असावा तसा. हे डाव्यानं लिहितेय.

९ जानेवारी, सोमवार

जीप दाराशी. कौसल्याला डॉक्टरांकडे, अर्ज कारकुनाकडे — एकाच फेरीत.

खिडकीच्या काचेवर लिलावाचा कागद, वर अर्ज. ऊन चांगलं आहे, सही खालून दिसते. पेन बोटांना सुतळीनं बांधलंय. डाव्या हातानं मनगट वर धरलं — मा झालं — न-पाशी सुटलं.

दुसरा अर्ज. शेपटी खाली गेली.

तिसरा —

एक वाजला.

कोरे कागद संपत आले. एकच ठेवलाय. आधी इथं गिरवते.

मानसिं —

कौसल्या दारात आलीय. पोटावर दोन्ही हात. म्हणते, सकाळधरनं हललं न्हाय. मग म्हणते, तुमी लिवा, ताई, घाई करू नगा, मी हितंच हाय.

झालंच म्हटलं.

मान —

मा