नाकापेक्षा पाय जड

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि कान धरून एक विनंती. फोनच करणार होते, पण फोनवर तू विषय बदलतोस आणि मी रडते. कागदावर दोघांनाही शिस्त राहते.

आमच्या छापखान्यात परवा एका मोठ्या रुग्णालयाची पुस्तिका तपासायला आली. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ बघावं, मजकुरात गुंतू नये, हा नियम मी वीस वर्षं पाळला, परवा मोडला. तुझ्यासारखी, मणक्याला मार बसून कमरेखालचं सगळं मुकं झालेली माणसं त्यांना एका चाचणीसाठी हवी आहेत. नाकात अगदी वर, वास घेण्याच्या जागी, काही पेशी असतात म्हणे. वासाचे मज्जातंतू जन्मभर झडतात आणि नवे उगवतात. या पेशी त्या नव्यांचं बोट धरून त्यांना मेंदूपर्यंत पोचवतात. डॉक्टर त्यातल्या थोड्या काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि पाठीतला मज्जारज्जू जिथे दुखावलाय तिथे नेऊन सोडतात. तिथेही त्यांनी कुणाचं तरी बोट धरावं, ही आशा.

तू गोदामाच्या शिडीवरून पडलास त्याला अडीच वर्षं झाली. नाव नोंदव ना रे. तुझे दाजी म्हणतात, बहिणीने सांगितलं म्हणजे हा पठ्ठ्या मुद्दाम नाही म्हणणार. त्यांना खोटं पाड.

माया गृहीत धर. उत्तर मात्र धाड.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांगातली चार अंगं संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या चारांनी केलेला नमस्कार गोड मानून घे.

मी त्या रुग्णालयात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, पेशी काढल्यावर वास काही महिने जाऊ शकतो, आणि एखाद्याचा कायमचा कमी होतो. पुस्तिकेत तसं छापलंय. हे वाक्य तुझ्या नजरेतून निसटलं? आमच्या शाळेतल्या निबंधांतला एक अनुस्वार जिच्या तावडीतून सुटला नाही, तिच्या?

अगं, मी खातो कशाच्या जोरावर? आमच्या कारखान्यात साबणाचा प्रत्येक घाणा आधी माझ्या नाकाखालून जातो, मग बाजारात. मी पडल्यावर मालकांनी माझं टेबल तळमजल्यावर आणलं, दाराचा उंबरा फोडून खुर्चीला वाट केली, ती काय माझं रूप बघून? तिथे मला शिपायापासून सगळे नाकसाहेब म्हणतात. पाय गेले तरी नाक शाबूत, म्हणून अजून नाक वर करून बसतो. लहानपणी तू माझं नाक दाबून तोंड उघडायचीस, ते चालवून घेतलं. आता नाकच मागतेस!

आणि खरं सांगू? मला आशेचीच धास्ती वाटते. पहिलं वर्षभर रोज सकाळी अंगठा हलतोय का ते बघायचो. ते वेड मोठ्या कष्टाने सोडलंय. ही म्हणते, वन्संना इतकं तोडून लिहू नका. म्हणून शेवटी गोड लिहितो: दाजींना सांग, ते खरे ठरले.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. ते वाक्य निसटलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि तुला लिहिलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी मजकुरातली एक ओळ खाल्ली, आणि तीही तुझ्याबाबतीत. चुकले.

मला तू चालताना दिसायला हवा होतास. तुला काय हवंय, हे मी विचारलंच नाही. आता विचारते. नाही म्हणालास तर पुन्हा विषय काढणार नाही, दाजींचीही तोंडं बंद करेन.

राग निवळला की चार ओळी लिही.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. राग कसला? तुझ्याही हातून चूक होते हे कळल्यापासून मी खुशीत आहे. दाजींना तोंड एकच आहे ना? पत्रात तू ‘तोंडं’ लिहिलंस. माझ्याकडून लाल खूण.

तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून त्या चाचणीच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. मी चालेन का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, असं जो कबूल करेल त्याच्या दवाखान्यातून लगेच बाहेर पडा. आधी हे सुरक्षित आहे का एवढंच त्यांना बघायचंय. एखाद्याला थोडी जाणीव येते, एखाद्याला बसायला बळ मिळतं, पुष्कळांना काहीच नाही. इतकं रोखठोक ऐकून मला बाईंचा भरवसा वाटला.

तर ऐक, मला काय हवंय ते. गेल्या वर्षी मांडीखाली जखम झाली आणि मला पत्ताच नाही. सहा आठवडे पालथा पडून होतो. तेव्हापासून ही गजर लावून उठते आणि माझी कूस बदलते. जे मला कळायला हवं ते तिला बघत राहावं लागतं. ताई, मला पाय नकोत. पायांची बातमी हवी. तेवढ्यासाठी नाक पणाला लावायला मी तयार आहे. नाकापेक्षा मोती जड असू नये म्हणतात, इथे पाय जड झालेत.

हिला सांगितलं तर म्हणाली, माझ्यासाठी करत असाल तर करू नका. मी म्हटलं, झोप तुझी, पण कंबर माझी. मग हसली. मालकांनी सहा महिने टेबल राखायचं कबूल केलंय.

आशीर्वाद या वेळी जरा जास्त पाठव.

तुझा धाकटा

२८ जुलै

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. पत्र मी लिहितेय म्हणून घाबरू नका. मे महिन्यात पेशी काढल्या, जूनअखेर पाठीत सोडल्या, दोन्ही नीट पार पडलं. टाके सुकलेत. रोज चार तास व्यायाम असतो आणि तो करून घेणाऱ्या बाईंना हे ‘फौजदार’ म्हणतात.

वास मात्र गेला. सोमवारी दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण धावत आली, आणि हे शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले! आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. मालकांनी खुशाली विचारायला माणूस पाठवला, त्याच्यासोबत साबणाच्या नेहमीच्या तीन वड्या होत्या. यांनी तिन्ही हुंगल्या, तिन्ही चुकले. त्या दिवसापासून गप्प आहेत. यांची बडबड बंद झालेली मी लग्नापासून बघितली नव्हती, अपघातानंतरसुद्धा नाही. पायांत काहीच फरक नाही.

तुम्ही दोघं चार दिवस या. काही करू नका, नुसतं भांडा यांच्याशी.

तुमचा लोभ आहे, त्याच आधाराने लिहिलं.

तुमची भावजय

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ऑगस्टमध्ये येऊन तू यथेच्छ भांडलीस, त्याचा गुण आला. दिवाणखान्यात अजून पत्ते खेळताना दाजींनी घातलेल्या घोळाची चर्चा असते.

नाकाची हकिकत अशी: उजवी नाकपुडी कामावर रुजू झाली, डावी बेमुदत रजेवर. टेबल मालकांनी ठेवलं, पण पॅकिंग खात्यातली एक बाई आता शेजारी बसते आणि आम्ही दोघं मिळून निकाल देतो. फुलांचे वास ती माझ्यापेक्षा अचूक ओळखते. पहिल्या आठवड्यात फार झोंबलं. आता तिला चुका दाखवायची मजा येते, तिलाही माझ्या.

आता मुख्य बातमी. परवा सकाळी खुर्चीत बसलो आणि हिच्यावर खेकसलो, की खुर्चीवरची खोळ नीट ओढत जा, मांडीखाली टोचतंय. ही पुटपुटत खोळ ओढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग मलाही उमगलं, आपण काय बोललो. डाव्या मांडीखाली कापडाची एक चुणी होती, बोटाएवढी.

हिने माझे डोळे मिटायला लावले, चुणी काढली, घातली, पुन्हा काढली, आणि दर वेळी आहे की नाही विचारलं. दहापैकी आठदा बरोबर ओळखलं. उजवी मांडी अजून मुकीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पेशींमुळे की फौजदाराच्या व्यायामामुळे, एका माणसावरून सांगता येत नाही. पण टाचणी घेऊन तासभर तपासलं आणि डाव्या मांडीपुढे ‘जाणीव आहे’ असं लिहून घेतलं.

त्या दिवशी ही कामावर गेलीच नाही. दुपारी समोर बसून विचारत होती, आता टोचतंय का, आणि आता? मी म्हटलं, हो, टोचतंय, काढ ती चुणी. तर म्हणाली, राहू द्या अजून थोडा वेळ.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, आणि तुझा लोभ आहे तस्सा असू दे.

तुझा धाकटा