नानांच्या पाइपाला तांबं लागू न देण्याचा निश्चय

३ एप्रिल १९५७, जळगाव. सकाळ.
सासरे तोताराम नाना सावद्याहून आले. विहिरीवरच्या इंजिनाचा लोखंडी पाइप सांध्यात उकलला. केळी ऐन घडाला आलेली, पाणी बंद. नानांना धुळ्याहून कारागीर आणायचा होता. मी म्हटलं, वेल्डिंगचं दुकान असलेला जावई असताना धुळं कशाला? नानांनी कपाळाला हात लावला. मनातून खूश झाले असणार.

संध्याकाळ.
तांब्याची बॅकिंग वापरणार. मुंबईला एका कारखान्यात ही पद्धत मी स्वतः पाहिली आहे. (दारातून. पण नीट.) सांध्याच्या आत तांब्याची कडी बसवायची. वितळलेलं लोखंड आत गळत नाही, तांब्याला चिकटतही नाही. मागाहून कडी काढून घ्यायची. फक्त आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) तांब्याला लागता कामा नये. लागला तर तांबं वितळून सांध्यात शिरतं आणि सांधा तडकतो.
निश्चय: तांब्याचा कणही लोखंडात जाऊ देणार नाही.

४ एप्रिल.
नानांनी पाइप दुकानात पाठवला. जाड तांबं हवं. बाजारात मिळालं नाही. म्हणजे गेलो नाही, ऊन फार. न्हाणीत सुनंदेचं माहेरचं घंगाळ दिसलं. काठाची पट्टी कापली. जरा पातळ आहे, पण हात हलका असला की चालतं. सुनंदा किंचाळली. मी म्हटलं, पट्टी जशीच्या तशी परत मिळेल, तुझ्याच वडिलांच्या केळीसाठी आहे. ती म्हणाली, "नाही मिळाली तर नानांना तुम्हीच सांगा." विश्वास म्हणून नाहीच.

५ एप्रिल.
शेजारच्या दुकानातल्या दीपचंदशेठना सगळं समजावलं. फट अरुंद ठेवायची, आर्क लोखंडाच्या कडेवर धरायचा, तांबं फार तापलं की थांबायचं. शेठ डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग सुरू कधी करणार?"
आज डोळ्यांना विश्रांती. उद्या काळी काच लावायची आहे.

६ एप्रिल. दुपार.
सुरू केलं. फट रुंद राहिली. कानस घासायचा कंटाळा नव्हता, मूड नव्हता.
आर्क एकदाच तांब्याला लागला.
पुन्हा लागला. तो धरायचा नाही, शिंक आली.

संध्याकाळ.
मध्ये थांबायचं राहिलं. रंगात आलो होतो. वेल्ड देखणा! मधूनमधून लालसर झाक. मुंबईच्या वेल्डला अशी झाक नव्हती. आपलं काम वरचढच.

७ एप्रिल.
कडी निघत नाही. ओढली, ठोकली, शिव्या दिल्या. बरीचशी कुठे गेली तेच कळत नाही. आता वाटतं, आत राहिलेलीच बरी, सांध्याला आधार. सुनंदेला सांगितलं, पट्टी कामावर आहे.
सांध्यावर केसासारखी रेघ दिसते. ओरखडा असेल. रंग फासला.

९ एप्रिल, सावदा.
नानांनी अख्खी भावकी जमवली. पाइप बसवला, नारळ फोडला. मी दोन शब्द बोललो (तांब्यावर). इंजिन धडधडलं, पाणी चढलं, आणि सांध्यातून कारंजं! फेटे, खोबरं, मी, सगळं चिंब. पोरं नाचायला लागली. एका म्हातारीनं खाली कळशी लावली.
नाना निथळत म्हणाले, "जावईबापू, केयीले पानी द्याचं व्हतं. मले आंघोय घालाले कोन सांगलं व्हतं?"
मी म्हटलं, पाण्याचा जोर जास्त आहे.
इंजिन बंद करून त्यांनी सांधा पुसला. रंगाखालची रेघ चांगली बोटभर उघडली होती, आत तांबूस चमक. "हे लाल काय हाये?"
मी मुंबईची पद्धत सांगायला लागलो. सुनंदाच म्हणाली, "माझं घंगाळ." आणि खांबाला धरून हसत सुटली. मग नाना. मग भावकी. मला रागवायचं होतं, पण मीही हसलो. का ते कळलं नाही.

१० एप्रिल, विहिरीवर.
धुळ्याचा कारागीर परवा येणार. केळी तोवर थांबणार नाही. सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. ती सुटू नये म्हणून कोणीतरी दाबून धरायला हवी. सकाळपासून मी धरली आहे. उजव्या हातानं. हे डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. भाकरी सुनंदा भरवून गेली.
पाणी केळीपर्यंत पोचतंय. मघाशी नाना येऊन वाकून पाहून गेले. म्हणाले, "आता जुळला सांधा."