चंदेरी गाडीतली खोट

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घर मिळालं, तेही तळमजल्याचं. आईला एकही पायरी चढावी लागणार नाही. तिच्या खोलीच्या भिंतीला लागूनच गाडीची शेड आहे आणि घरमालकाने तिथे चार्जिंगचा प्लग बसवून द्यायचं कबूल केलंय.

आता राहिली गाडी. नवी परवडणार नाही, वापरलेलीच घेणार, पण मला प्लग-इन हायब्रिड हवी. घरी चार्ज केली की पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर जाते, पुढे पेट्रोलवर. आईला पेट्रोलच्या वासाने कसं मळमळतं ते मी तुला सांगायला नको. गॅरेजमधून आल्यावर आंघोळीशिवाय तुला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही. इथे गावात फिरताना तिला वास नाही की आवाज नाही. आणि समुद्र इथून दोनशे किलोमीटर, तिथे पेट्रोल लागणारच. समुद्र तिला दाखवायचाच आहे.

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या बनवते, त्यामुळे कवळीतला केसाएवढा तडा मला दिसतो, गाडीतला दिसत नाही. काय काय बघायचं ते नीट लिही. मार्चअखेर आई विमानाने इकडे परदेशी येईल म्हणून वर्षाची सगळी सव्वीस दिवसांची रजा राखून ठेवलीय.

हे पत्र नेहमीसारखं गॅरेजच्या प्रिंटरवर छाप आणि आईला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर तिला ऐकू येत नाही. बरी आहे म्हणते आणि फोन तुझ्या हातात देऊन मोकळी होते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
बारकी


७ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पेट्रोलच्या वासाचं आलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच टाकीतून बाहेर आलोय.

आता कामाचं. गाडी थंड असताना बघायला जा. बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, असं मालकाला आधीच सांग. गेल्या गेल्या बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर समज, काहीतरी लपवतोय. मग नुसत्या विजेवर स्वतः चालव आणि खरोखर किती किलोमीटर जाते ते मोज. पडद्यावरचा आकडा हा अंदाज असतो. थंडीत थोडी कमीच जाईल. कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी रिपोर्ट घे. बॅटरीची वॉरंटी किती उरलीय आणि ती नव्या मालकाला लागू होते का, हेही विचार.

चार्जिंगचं झाकण उघड, आतल्या पिना काळवंडलेल्या नकोत. डिकीत केबल आहे का बघ. पुष्कळ लोक या गाड्या घेतात आणि जन्मात प्लग लावत नाहीत, मग इंजिन बिचारं बॅटरीचंही ओझं वाहतं. उलट कुणी नुसती विजेवरच फिरवली असेल तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, इंजिन बसून राहतं. म्हणून ऑइल दर वर्षी बदललंय का ते सर्व्हिसच्या नोंदीत तपास. ब्रेकच्या डिस्कवर हलका गंज दिसला तर घाबरू नकोस. या गाड्या वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरतात, ब्रेक कमी झिजतो. चार वेळा दाबला की गंज निघून जातो. नारिंगी जाड वायरींना मात्र हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. तुझी लहानपणापासूनची खोड मला माहीत आहे.

उद्या आईला प्रवासाच्या सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांकडे नेतोय.

तुझ्या पत्राची वाट आम्ही तिघंही बघतो, एवढं लक्षात असू दे.

दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निळी गाडी बघून आले. मालक वकील. बाहेरून अशी चकचकीत की भांग पाडून घ्यावा. डिकी उघडली तर केबल कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, सीलसुद्धा फोडलेलं नाही! पाच वर्षांत एकदाही प्लग लावलेला नाही. वकीलसाहेब म्हणाले, बघा, केबल नवीकोरी आहे. मी म्हटलं, म्हणूनच नको. त्यांचा चेहरा आईला बघायला हवा होता.

तुझी एवढी मोठी यादी आली, पण डॉक्टर काय म्हणाले ते कुठेच नाही. सर्टिफिकेट मिळालं का? तिकिटं महागायच्या आत काढायचीत.

आईला सांग, खोलीला पडदे लावले. उत्तराची वाट बघतेय.

तुझी
बारकी


६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वकिलाचा किस्सा ऐकून आई खोकला येईपर्यंत हसली. शेजारीण आली तर तिलाही वाचायला लावला. निळी सोडलीस ते उत्तम केलंस.

डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन तपासण्या करू, मग बघू. तू तिकिटांची घाई करू नकोस. पुढच्या गाडीच्या मागच्या सीटखाली बॅटरीच्या हवेची जाळी आहे का बघ. असलीच तर धुळीने, कुत्र्याच्या केसांनी बुजलेली असते. गाडी खालून वाकून बघ. आणि जे बघशील ते सविस्तर लिही. आईला तुझं पत्र तीन-चार दिवस पुरतं.

आमची माया तुला ठाऊक आहे, वेगळी काय कळवू.

दादा


९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी सापडली! चंदेरी. मालक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. आता दोघांचीही नजर कमी झालीय म्हणून विकताहेत. बॉनेट थंडगार होतं. नुसत्या विजेवर मी स्वतः त्रेचाळीस किलोमीटर चालवली, तीही थंडीत. रिपोर्ट चांगला, वॉरंटी तीन वर्षं शिल्लक आणि ती मला मिळते. केबल वापरून मऊ पडलेली. ऑइल दर वर्षी बदललेलं. जाळी साफ, वायरी शाबूत (हात लावला नाही). डिस्कवर जरासा गंज आहे, बाकी काही नाही. मागचं दार रुंद उघडतं आणि सीट आईच्या पलंगाएवढ्याच उंचीवर. मी आत बसून, उतरून, पुन्हा बसून बघितलं. मास्तरांना वाटलं, माझी कंबर दुखतेय.

तू हो म्हणालास की सही करते. मग तिकीट.

तुझी, आणि आज फार आनंदात असलेली
बारकी


११ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी ठीक वाटते. पण डिस्कवर गंज म्हणजे ती बरेच दिवस उभी असणार. उभ्या गाडीचा भरवसा नाही. मला ही पसंत नाही. अजून दोन-चार बघ. कळकळीने लिहितोय, राग मानू नकोस.

आईने पुढचं वहिनीकडून लिहून घेतलंय: बारके, घाई करू नकोस. मला तुझ्या गाड्या ऐकायला आवडतात. दहा बघ. दर वेळी लिही. नोकरी सांभाळ.

दादा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

हलक्या गंजाला घाबरू नकोस हे तूच जानेवारीत लिहिलंस, पत्र माझ्यासमोर आहे. मी वर्कशॉपमध्ये विचारलं तर तिथला मेकॅनिक हसला. तीस वर्षं गाड्या बघणारा माझा भाऊ असलं काही लिहितो, याचा अर्थ मला एकच दिसतो. आईला पाठवायचीच नसेल तर तसं सरळ सांग. ती काय एकट्या तुझीच आई आहे? उगाच गाडीला नावं ठेवू नकोस.

मास्तर शनिवारपर्यंत थांबताहेत.

बारकी


१५ मार्च

प्रिय बारकी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र छापायचं नाही आणि कुणाला वाचून दाखवायचं नाही. फोनवर मला हे बोलवणार नाही, म्हणून लिहितेय.

चंदेरी गाडीत काही खोट नाही. तुझ्या दादालाही ते माहीत आहे. आठ जानेवारीलाच डॉक्टरांनी सांगितलं, आईंचं हृदय अगदी थकलंय, विमानात बसवायचं नाही. मेमध्ये तुझी नोकरी पक्की व्हायचीय. कळलं तर बारकी सगळं टाकून येईल, म्हणून आईंनी ह्यांना शपथ घातली. तेव्हापासून हे खोट शोधताहेत. ती सापडत नव्हती तेव्हा माझ्यासमोर बसून रडले.

आई आता उठत नाहीत. तू निघ.

तुझी वहिनी


२ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तू दहा दिवस घरात होतीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस असं मी म्हणत नाही.

तुझं शेवटचं पत्रही मी आईला वाचून दाखवलं. ते ‘एकट्या तुझीच आई’चं एक वाक्य गाळलं. पण थांबलो ते तिला कळलं. ती म्हणाली, पुरे झालं आता, तिला खरं काय ते लिही. मी म्हटलं, उद्या लिहितो. दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला संध्याकाळी ती गेली, आणि तू सतराला सकाळी दारात उभी राहिलीस.

शपथ तिची होती हे खरं. पण मला ती मोडता आली असती. तू विचारायचीस ते गाडीचं, आणि गाडीचं मला बोलता येतं. दुसरं मला बोलता आलं नाही. मला माफ कर असं लिहितो आणि खोडतो.

दादा


२० एप्रिल

दादा,

चंदेरी गाडी मी नसताना कुणी तरी घेऊन गेलं. मास्तरांनी दोन दिवस जास्त वाट पाहिली म्हणे. नाहीतरी मी काय केलं असतं तिचं!

लॅबने मला तेरा दिवसांची रजा दिली. तेरा दिवस उरलेत. साहेबांनी विचारलं, कधी घेणार. शेडमध्ये प्लग बसलाय. घरमालक आठवण करून देतात, मी मान हलवते. जानेवारीत मला सगळी रजा मिळाली असती, दादा. अगदी त्याच आठवड्यात.

माफी मला नको. तू जे पाहिलंस ते हवंय. डॉक्टरांकडून परत येताना आई काय बोलली. तिला जेवण कधीपासून जाईना. कोणत्या कुशीवर झोपायची. माझं पत्र वाचून झालं की लगेच डोळे मिटायची की काही विचारायची. आठ जानेवारी ते सोळा मार्च, अडुसष्ट दिवस होतात. एकेक दिवस लिही. मला काय झेपेल आणि काय नाही, ते आता तू ठरवू नकोस.

वर नमस्कार लिहिला नाही, तो विसरले म्हणून नाही. लोभ असावा असंही लिहायला हात वळत नाही.

पत्र लिही.

बारकी