विहिरीला मोटार लावण्याबाबत

खैरवाडी, जि. लातूर
३ एप्रिल २०१६

तीर्थस्वरूप पंचशीला आत्यास,
सिंधुचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन लावून लावून दमली असशील. माझा फोन ठाण्यात जमा हाय, म्हणून नांदेडला कागदच धाडते. घाबरू नको, पण नीट वाच. आमच्या शाळेच्या सचिवांनी बाथरूमच्या झरोक्यातून माझा चोरून फोटो काढला अन् दहा मार्चला तो मलाच पाठवला. शेतावर ये, न्हाईतर गावभर करीन, असं खाली लिहिलं. आत्या, मी गेले न्हाई, तक्रार दिली.

ठाण्याच्या जमादार अमृतरावांनी पुरावा म्हणून माझा फोन झेरॉक्स मशीनच्या काचेवर उपडा ठेवला अन् बटण दाबलं. काळाभोर कागद निघाला, कोपऱ्यात त्यांचाच अंगठा. मग म्हणाले, मोबाइलच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, तहसीलमधून आण. दोन दिवस रांगेत उभी राहिले. बाबूनं विचारलं, उत्पन्नाचं पाह्यजे का जातीचं. उदगीर जिल्हा झाला की सायबरवाले जवळ येतील, तोवर दमानं घ्या, असंही जमादारांनी सांगितलं.

सचिव म्हणतात, त्यांचा फोन सहा मार्चलाच हरवला. शेजारच्या धुरपतामावशी म्हणतात, पोरी, मिटवून टाक. पंच म्हणून सही करायला एक बाई तयार न्हाई. मी खोटी ठरले तर नोकरी जाईल ती जाईल, पण तो फोटो त्याच्याकडंच राहील. त्याचीच धास्ती वाटते.

माया हाय तशीच असू दे.
तुझी, सिंधु


नांदेड
८ एप्रिल

चि. सिंधुस,
आत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले. झेरॉक्सचं वाचून हसले, अन् हसले म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. त्या मेल्याचा हात झडो. अन् तू मिटवायचं नाव काढलंस तर मीच येऊन दोन ठेवून देईन.

मी गुन्ह्यांचे पुरावे तपासायच्या प्रयोगशाळेत पाकिटं उतरवून घेते, तुला ठाऊक हाय. आधी कपडे अन् चाकू यायचे, आता निम्मी पाकिटं मोबाइलची. मागं एका ठाण्यातून हळदकुंकू लावलेला फोन आला. जप्ती दसऱ्याची, शस्त्रांसंगं त्याचीही पूजा झाली होती.

ऐक. फोटो तुझ्याकडं आला, एवढंच तुझा फोन सांगतो. काढला कुणी, ते त्याच्या फोनात. पुसला तरी पुष्कळदा निघतो, कधी निघतही न्हाई, खोटा धीर देत न्हाई. पण तो फोन सापडला पाह्यजे. सापडला की कुणी बटण दाबायचं न्हाई, चार्जिंगला लावायचं न्हाई. पंचांसमोर पाकिटात घालून मोहोर लावायची. न्हाईतर त्याचा वकील म्हणणार, फोटो तुम्हीच आत घातला. अन् ते प्रमाणपत्र तहसीलदाराचं नसतं गं बाई! फोनातली नक्कल ज्यानं काढली, त्यानं सही करून द्यायचं असतं.

तू माझी भाची, हे साहेबांना सांगून ठेवलंय. पाकीट आलं तरी मी हात लावणार न्हाई.

वेळच्या वेळी जेव. आठवण ठेवून लिहीत जा.
तुझी आत्या


खैरवाडी
२४ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्यास, जयभीम. वि. वि.

फोन सापडला!

सचिवांनी जबाब फिरवला. सहा मार्चला फोन शेतातल्या विहिरीत पडला म्हणे. पाण्यात गेला म्हणजे कायमचा गेला, असा त्यांचा होरा. जमादारांनी लगेच ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. विषय, विहिरीला मोटार लावण्याबाबत. विहिरीत भरपूर पाणी असल्याने उपसा करण्यास परवानगी मिळावी. विहिरीत डोकावून बघायचं कुणाला सुचलं न्हाई, कारण जबाबात पाणी होतं. सचिवांनाही फोन आत टाकताना सुचलं नसणार. त्यांचं शेत सालगडी बघतो.

लातूरला पाणी रेल्वेनं येतंय अन् आमचा टँकर आठ-आठ दिवस तोंड दाखवत न्हाई. ते पत्र चावडीवर लागलं मात्र, तासाभरात चाळीस बाया घागरी अन् दोर घेऊन सचिवांच्या शेतात! माझ्यासाठी त्यातली एक ठाण्याची पायरी चढली नव्हती. मीही मागं गेले.

विहीर ठणठणीत कोरडी. तळाच्या भेगाळ मातीवर फोन पडलेला, कड फुटलेली, बाकी धड. एक बाई उतरायला निघाली, तशी मी ओरडले अन् तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. फोटोचंही वाचलं. वाचताना लाज वाटली, पण थांबले न्हाई. धुरपतामावशींनी घागर उपडी घातली, तिच्यावर बसल्या अन् म्हणाल्या, लातूरच्या फौजदार मॅडमना फोन लावा, त्या येईपर्यंत कुणी हलायचं न्हाई. भर उन्हात तीन तास बसल्या सगळ्या. सचिवांचा माणूस दोर घेऊन आला, तो बाया बघून आल्या पावली परत गेला. पंच म्हणून पहिली सही मावशींची.

पाकीट तुमच्याकडं निघालंय. मला झोप लागत न्हाई.
तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.
सिंधु


खैरवाडी
३० जुलै

तीर्थस्वरूप आत्यास, जयभीम. वि. वि.

तू तोंडातून अवाक्षर काढलं न्हाईस, धन्य तुझी! अहवालाचं काल मॅडमनी सांगितलं. पुसलेला फोटो निघाला, कधी काढला त्या तारखेसकट. शिवाय सहा मार्चला जो फोन विहिरीत पडला, त्याच फोनवरून आठ मार्चला महिला दिनाच्या शुभेच्छा गावभर गेल्यात! स्त्रीचा सन्मान करा म्हणून. मलाही आल्या होत्या. कुणालाच आठवल्या न्हाईत, असलं वाचतं कोण? जमादारांनी तेवढे उत्तरात हात जोडले होते, ते अहवालात आलेत.

सचिव आत हायेत. खटला उभा राहायचाय. निकालापर्यंत माझा फोन मिळायचा न्हाई, तेव्हा माझी पत्रं सोस.

एक गोष्ट मागं लिहिली न्हाई. विहिरीवरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर भरलेली घागर होती, वर ताटली झाकलेली. त्या आठवड्यात टँकर आला नव्हता. कुणाची, ते कळंना. सांभाळून पाच दिवस पुरवली.

काल अहवालाचं सांगायला धुरपतामावशींकडं गेले. त्या सगळं ऐकत भाकरी थापत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, बरं झालं, आता तेवढी माझी घागर आणून दे.

घासून, भरून नेऊन देते आत्ताच. लोभ वाढता असू दे.
तुझी, सिंधु